पूर ओसरल्यावरची ओल

सुरतेच्या पुरांचा इतिहास आकड्यांत लिहिला जातो. धरणातून किती पाणी सुटले, किती दिवस शहर बुडाले, एवढे सांगून तो थांबतो. घरांच्या भिंतींतला पूर पुढे कित्येक महिने चालू असतो; त्याचा हिशेब त्या आकड्यांत बसत नाही.

7 ऑगस्ट 2006 पासूनचे ते दिवस घ्या. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि खानदेशातून वाहत येणाऱ्या तापीने तीन-चतुर्थांश शहर व्यापले. रांदेर, अडाजणचे तळमजले गाळाने भरले. 1994 च्या प्लेगची आठवण ताजी असल्याने शहराला घाण लवकर हटवण्याचे महत्त्व ठाऊक होते. रस्ते झपाट्याने स्वच्छ झाले, साथ उसळली नाही. हे श्रेय मोठेच. पण महापालिकेचा झाडू उंबरठ्याशी थांबतो. आतली ओल ज्याची त्याची.

वीट पाणी शोषते आणि ते सावकाश सोडते. जुन्या घरांचा चुन्याचा गिलावा ती वाफ बाहेर जाऊ देई, शिवाय ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारतेत बुरशी सहसा तग धरत नाही. सिमेंट आणि ऑइलपेंट ती वाट अडवतात. ओल्या वस्तूंवर तर बुरशी एक-दोन दिवसांतच मूळ धरते. त्या वर्षी दिवाळी 21 ऑक्टोबरला होती, म्हणजे पुरानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. सणाला भिंत रंगवण्याची आपली रीत; पण ओल्या भिंतीवर रंग चढवणे म्हणजे रोग झाकून ठेवणे. पोपडे सुटतात आणि काळे डाग पुन्हा वर येतात.

2005 मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या घरांनी हेच भोगले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली; खोकला, दम्याचे झटके, श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा ओलीशी संबंध तिने मांडला. एक खुलासा येथे आवश्यक वाटतो. 2021 मध्ये करोनानंतर ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघर पोचला आणि भिंतीवरचा डाग पाहून माणसे धास्तावली. तो रोग म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड यांनी त्याला वाट दिली. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. तरी ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशाला त्या खोलीत झोपवू नये.

साफ करणाऱ्याने एन-95 मुखपट्टी, हातमोजे व चष्मा घालावा. लहान मुले आणि दमेकरी यांना दूर ठेवावे. डाग कोरडा खरवडू नये, कण हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने भिजवून घासावा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल किंवा अमोनिया कदापि मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. भिजलेल्या गाद्यांचा मोह सोडावा. कापूस आतून वाळला की नाही ते वरून कळत नाही. मुख्य म्हणजे ओलीचे मूळ बंद करावे.

हे शेवटचे कलम घरमालकाच्या हाती असते. खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांनी गजबजलेल्या लिंबायतसारख्या वस्त्यांत 2025 च्या जूनमध्येही खाडीचे पाणी शिरले. एका खोलीत राहणारा भाडेकरू खिडकी उघडील, गादी टाकील. गिलावा मात्र त्याचा नाही, आणि मुलांना झोपवायला दुसरी खोलीही नाही.