पत्ता नसलेले भय : नारायण धारप

आपल्या किनाऱ्यावरच्या भुतांना पत्ता असतो. मुंज्या पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, वेताळ वेशीवर. कुणाला नारळ लागतो आणि कुणाला कोंबडा, हेही ठरलेले. अलिबाग-मुरुडकडे वाढलेला माणूस त्यांना भितो, पण त्यांच्याशी त्याचा व्यवहार चालतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी भयकथेत हा व्यवहारच मोडला.

धारप पुण्याचे, शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचे. पुस्तके शंभरावर. त्यांची भाषा कारकुनी वाटावी इतकी साधी. घर, पगार, बिऱ्हाड, शेजार यांची नोंद सावकाश होत जाते आणि त्या नोंदींतच काहीतरी चुकते. आलेले संकट कोणत्या झाडावरचे, हे सांगता येत नाही. ‘अनोळखी दिशा’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. या बाबतीत ते कोकणातल्या आजीपेक्षा अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टच्या जवळचे. म्हणूनच समर्थ आणि अप्पा जोशींच्या कथा मला थोड्या उण्या वाटतात. समर्थ येणार, हे वाचकाला ठाऊक असते. तिथे भीतीवर उतारा पुन्हा हाती लागतो.

उसनवारीचा आक्षेप खरा आहे. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची १९७५ची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे १९८६ची ‘इट’. पण क्रूस आणि चर्च यांच्या आधारावर उभी असलेली रक्तपिपासूची गोष्ट मराठी घरात आणायची, तर तो आधार काढून दुसरा द्यावा लागतो. नुसत्या भाषांतराने ते भागत नाही. समीक्षकांनी हे काम तपासलेच नाही. वाचनालयात पाने सुटेपर्यंत फिरणाऱ्या पुस्तकांकडे आपल्याकडे असेच पाहिले जाते.

किंगच्याच एका कथेवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली. तिच्यातून राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) उगवला. नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, म्हणजे सावित्रीपलीकडच्या खेड तालुक्यातले. अमेरिकेतली म्हातारी पुण्यात मराठी झाली आणि पडद्यावर कोकणात उतरली. गंमत अशी, की तिथे हस्तरला वाडा मिळाला, राहायला विहिरीखालची जागा मिळाली आणि नैवेद्याला पिठाची बाहुली. धारपांनी पुसलेला पत्ता कोकणाने परत लिहून घेतला.