एरी कात्त रामर
चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० कि.मी.वर मदुरांतकम येथे असलेले कोदंडरामाचे देवालय; एरी कात्त रामर म्हणजे तळे राखणारा राम. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या जहागिरीचा कलेक्टर असलेला लायोनेल प्लेस, ज्याचा त्या मुलखावरील १७९९ चा अहवाल अभ्यासकांना परिचित आहे, त्याच्याकडे अर्चकांनी देवीच्या मंदिरासाठी द्रव्य मागितले, तेव्हा तुमचा राम दरसाल फुटणारा बांध का राखीत नाही, असा खोचक सवाल त्याने केला, असे सांगतात. पुढे अतिवृष्टीच्या रात्री तो पाहणीस गेला असता धनुर्धारी दोन तेजस्वी पुरुष बांधावर पहारा देताना त्याला दिसले, बांध टिकला आणि त्या देवीचे, जनकवल्ली तायारचे, मंदिर त्याने उभारून दिले, अशी आख्यायिका आहे. तेथील तमिळ शिलालेखात त्याचे नाव आहे. दृष्टान्ताची शहानिशा कोणत्याही दप्तरातून व्हावयाची नाही, आणि तळ्याच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या रयतेने ती मागितलेलीही नाही.