नदीत सोडून दिलेली दलदल

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग शहराच्या पश्चिमेला, फोर्थ आणि टीथ या नद्यांच्या खोऱ्यात, ब्लेअर ड्रमंड नावाची जहागीर आहे. १७६६ साली ती लॉर्ड केम्स यांच्या पत्नीकडे वारसाहक्काने आली. केम्स हे न्यायाधीश, अ‍ॅडम स्मिथचे आश्रयदाते आणि मानवी समाज शिकार व पशुपालनाकडून शेतीकडे कसा सरकतो, यावर लिहिणारे विचारवंत. त्यांच्या घरच्या जहागिरीचा मोठा भाग मात्र शेतीच्या पायरीपर्यंत पोहोचलाच नव्हता. तेथे पीट होते.

पीट म्हणजे पाणथळ जागी मुख्यतः शेवाळाचे, हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेले थर. वाळवले की ते जळते, म्हणून पीट-उत्खननाचा इतिहास हा इंधनाचा इतिहास असे आपण सहसा समजतो. केम्स यांना इंधन नको होते. आठ-बारा फूट जाडीच्या पीटखाली सुपीक चिकणमाती होती आणि त्यांना हवी होती ती माती. (ही माती मुळात समुद्राने आणलेली. १८२४ साली याच परिसरात देवमाशाचा सांगाडा सापडला!)

मग वरचे पीट टाकायचे कोठे? उत्तर सोपे निघाले: नदीत. चर खणायचे, त्यांत पाणी खेळवायचे, फावड्याने कापलेले पीटचे तुकडे त्यात लोटायचे आणि फोर्थ नदीमार्गे समुद्राकडे धाडायचे. केम्स १७८२ मध्ये वारले, पण पुत्र जॉर्ज यांनी काम वाढवले. पाणी अपुरे पडू लागले तेव्हा १७८७ मध्ये जॉर्ज मीकल या कारागिराकडून २८ फूट व्यासाचे चाक बसवून घेतले. टीथचे पाणी ते १७ फूट उचलून चरांत ओतत असे.

खरे श्रम कुळांचे. बहुतेक जण डोंगराळ प्रदेशातून आलेले, गेलिक बोलणारे. प्रत्येकी आठ एकर दलदल, ३८ वर्षांचा पट्टा, पहिली सात वर्षे खंड माफ. काहींनी पीटचाच ढिगारा कोरून त्याच्या भिंतींवर छप्पर टाकले. भिंती वाळत आणि घर आकसत जाई. शेजारचे लोक त्यांना थट्टेने ‘दलदलीचे जमीनदार’ म्हणत. शेकडो कुटुंबे पुढे ज्या शेतांवर जगली ती या हातांनी मोकळी केली, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल.

परंतु ‘सुधारणे’च्या या गौरवकथेत नदी केवळ वाहतुकीचे साधन म्हणून येते, आणि माझा आक्षेप येथेच आहे. पीट वाळूसारखे चटकन तळाशी बसत नाही. ते हलके व तंतुमय असते. बारीक कण दूरवर तरंगत जातात आणि प्रवाह मंदावतो तेथे साचतात. फोर्थच्या खालच्या भागात भरती-ओहोटी चालते, म्हणजे गेलेला गाळ परतूनही येतो. सॅमन मासा नदीतळाच्या खडीत अंडी घालतो. खडीच्या फटींतून वाहणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवते; बारीक गाळाने त्या फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. पाणी गाळून अन्न मिळवणाऱ्या कालवांनाही असा गाळ घातक. नदीकाठ पीटने माखले, सॅमनची मासेमारी आणि खाडीतील कालवांचे थर यांची हानी झाल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि अखेर १८६५ मध्ये पीट नदीत सोडणे बंद झाले. कालवे पुढे फोर्थमधून नाहीशीच झाली. मात्र त्याचा सगळा दोष पीटवर टाकू नये, बेसुमार उपसा हे त्यामागचे मोठे कारण होते.

म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे एका जहागिरीची जमीन वाढत होती आणि तिचा खर्च प्रवाहाच्या खाली राहणारे, त्या पट्ट्यांत ज्यांचे नावही नव्हते असे कोळी भरत होते.

विसाव्या शतकात आयर्लंडमध्ये हेतू बदलला. १९४६ साली स्थापन झालेल्या ‘बोर्ड ना मोना’ या सरकारी संस्थेने इंधनासाठी यंत्राने पीटचा भुगा करून तो वाळवायला सुरुवात केली. नदीत मुद्दाम कोणी काही लोटत नव्हते. तरी उघड्या पृष्ठभागावरचा भुगा पावसाबरोबर चरांत आणि चरांतून शॅनन नदीच्या खोऱ्यात उतरे. तो अडवण्यासाठी गाळाचे तलाव खणावे लागले, आणि ते वरचेवर उपसले नाहीत तर मुसळधार पावसात साचलेला गाळ पुन्हा वाहून जाई. जानेवारी २०२१ मध्ये या संस्थेने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले.

ब्लेअर ड्रमंडच्या पश्चिमेला फ्लँडर्स मॉस ही दलदल बऱ्याच अंशी वाचली. आज ते राखीव क्षेत्र आहे. तेथे पूर्वी खणलेल्या चरांना आता बांध घातले जात आहेत, पाणी आतच राहावे म्हणून.