शेपटीची नोंद

एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीवर निघणाऱ्या अमेरिकी जहाजांची लॉगबुके आज संग्रहालयांतून जपून ठेवलेली आहेत. वारा, दिशा, अक्षांश-रेखांश अशा रूक्ष नोंदींच्या शेजारी त्यांत मधूनच देवमाशाचा शिक्का उमटलेला दिसतो. शिकार साधली असेल तर अख्ख्या देहाचा शिक्का, आणि त्या देहाच्या पोटात मुद्दाम कोरी ठेवलेली जागा. किती पिंपे तेल निघाले, तो आकडा तिथे भरायचा. मासा निसटला असेल तर पाण्यात बुडणाऱ्या शेपटीचा शिक्का. शेपटी म्हणजे हातची गेलेली कमाई!

हा हिशेब ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिला, त्यांपैकी प्रॉव्हिन्सटाउन हे एक. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड हा भूभाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा अटलांटिकमध्ये शिरला आहे. त्या हाताच्या मुठीत हे गाव वसले आहे. 1620 साली ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेत पहिला नांगर इथेच टाकला. त्या प्रवाशांच्या वृत्तांतात जहाजाभोवती खेळणाऱ्या देवमाशांचा उल्लेख येतो, आणि लगोलग हळहळही येते: साधने जवळ असती तर तीन-चार हजार पौंडांचे तेल मिळाले असते! एकाने बंदूक झाडून पाहिली, तेव्हा बंदुकीच्याच ठिकऱ्या उडाल्या. नव्या भूमीच्या या पहिल्या दर्शनात सृष्टीचे कौतुक आणि किमतीचा अंदाज एकाच वाक्यरचनेत नांदतात, हे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे.

पुढे हे गाव शिकारीवर पोसले गेले. अझोर्स बेटांवरून जहाजांवर भरती झालेले पोर्तुगीज खलाशी इथे स्थायिक झाले. 1859 साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि दिव्यांसाठी देवमाशाच्या तेलाची गरज ओसरू लागली. हा धंदा करुणेमुळे बसला नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

लॉगबुकात जे लिहिले जात नसे, त्याची नोंद एका नाटककाराने घेतली. युजीन ओनीलचे नाटक 1916 साली प्रथम रंगभूमीवर आले, ते याच गावातल्या एका धक्क्यावर. पुढच्याच वर्षी त्याने ‘आइल’ ही एकांकिका लिहिली. ‘ऑइल’ या शब्दाचा खलाशांच्या तोंडचा हा उच्चार. गावचेच कॅप्टन जॉन कुक आणि त्यांच्या पत्नी व्हायोला यांच्या आर्क्टिक सफरीची हकीकत तिच्यामागे आहे. बर्फात अडकलेले जहाज, मुदत संपल्याने बिथरलेले खलाशी, आणि घरी चला म्हणून विनवणारी पत्नी. कप्तान क्षणभर द्रवतो. पण तेवढ्यात बर्फ फुटते, देवमासे दिसतात आणि जहाज पुन्हा उत्तरेला वळते. पत्नीचे भान हरपते, ती वेड्यासारखी ऑर्गन वाजवत राहते. रिकाम्या पिंपांनी परतणे या माणसाला अशक्य आहे. मेलव्हिलच्या भव्य अहॅबपेक्षा हा हिशेबी कप्तान मला अधिक भयावह वाटतो. अहॅबला निदान सूड तरी घ्यायचा होता.

त्याच बंदरात 1975 साली आल्बर्ट अव्हेलर या पोर्तुगीज आडनावाच्या कप्तानाने प्रवाशांना देवमासे दाखवायला नेण्यास सुरुवात केली. सोबत संशोधकही जात. आज बॉस्टनहून सकाळच्या फेरीबोटीने दीड तासात पोचावे, दुपारी तीन-चार तास समुद्रात काढावे आणि संध्याकाळी परतावे, असा कुटुंबाचा दिवसभराचा बेत सहज जमतो. कमर्शिअल स्ट्रीटवर चित्रदालने, पोर्तुगीज बेकऱ्या, आपल्या रात्रीच्या खेळाची पत्रके वाटणारे स्त्रीवेषातले नट, आईस्क्रीम सांडणारी मुले असा एकच कल्लोळ असतो. बोटीवर मात्र पाण्यावर फवारा उडाला की सगळे गप्प होतात.

हंपबॅक जातीचा देवमासा खोल बुडी घेताना शेपटी उंच उचलतो. तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. या शेपट्यांच्या छायाचित्रांची सूची संशोधकांनी केली आणि त्यांना नावे दिली. पाठीवरच्या परावर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा डाग असलेली ‘सॉल्ट’ ही मादी 1970च्या दशकापासून ओळखीची आहे. तिला डझनाहून अधिक पिल्ले झाली; त्यांत ‘तबास्को’ आहे, ‘वसाबी’ही आहे. ओळख पटत गेली तशी ही वंशावळ वाढत गेली. (आपला ‘देवमासा’ हा शब्दही गमतीचाच. तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. अर्थात ‘मोबी डिक’चा इश्माएलही तो मासाच असल्याचे ठासून सांगतो, तेव्हा मराठीला दोष कशाला द्या!)

म्हणजे जुन्या वहीत जी खूण नुकसानीची होती, तीच नव्या वहीत ओळखीची झाली. परंतु या बदलाला हृदयपरिवर्तन म्हणावे का, याबद्दल मी साशंक आहे. बंदर अजूनही देवमाशावरच कमावते. शिवाय याच पाण्यात मासेमारीचे दोर आहेत, मोठ्या जहाजांची वर्दळ आहे. वसंतात केप कॉडच्या उपसागरात येणारे राइट व्हेल आता चारशेहूनही कमी उरले आहेत. संथ पोहणारा आणि मेल्यावर तरंगणारा, म्हणून शिकारीला ‘योग्य’, असे त्या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. आज त्यांचा जीव जातो तो मुख्यतः दोरांत अडकून आणि जहाजांच्या धडकेने. गावातील किनारी अभ्यास केंद्राची माणसे 1984 पासून छोट्या नावेतून जाऊन असे दोर कापत आली आहेत. हंपबॅकच्या शेपटीच्या बुडाशी दोराचे जे वळ राहतात, त्यांचीही छायाचित्रे काढली जातात. त्यांवरून कळते की या भागातील निम्म्याहून अधिक हंपबॅक आयुष्यात कधी ना कधी दोरात सापडलेले आहेत.