काळी-पांढरी आणि श्रुती : पेटीच्या अभ्यासाची प्रस्तावना

भजनाला बसल्यावर पेटीवाला आधी विचारतो, ‘कोणती पट्टी?’ गाणारा म्हणतो, ‘काळी दोन.’ भाता हलतो, सूर भरतो आणि टाळ उचलले जातात. संत नामदेवांच्या नर्सीत वीणा, टाळ, मृदंग शतकानुशतके आहेत. पेटी त्यांच्या पंगतीला आली ती फार तर दीडशे वर्षांपूर्वी. तरीही आपल्या गळ्याचा ठाव आपण एका युरोपीय वाद्याच्या पट्ट्यांच्या रंगाने सांगतो. हे परकेपण कसे विरघळले, हाच या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायपेटी होती. भाता पायाने चाले आणि दोन्ही हात स्वरसंघ वाजवायला मोकळे राहत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातपेटी रुळवली. पेटी जमिनीवरच्या बैठकीत उतरली, एक हात भात्यात गुंतला आणि उरलेल्या हाताने एकच स्वररेषा धरली. आपल्या गाण्यालाही तीच हवी होती.

अडचण स्वरांत होती. पेटीचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर तिचा शुद्ध गंधार 400 वर येतो. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार मात्र 386च्या आसपास असतो. शिवाय पट्टीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, निघत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजणी केली, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सोबतीने त्यातून श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग उभा राहिला. पुढे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती 1971 मध्ये सैल झाली. पेटीच्या स्वरांवरचा आक्षेप खरा होता. त्याला उत्तर हातांनी दिले. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर आणि आपल्या मराठवाड्याचे अप्पा जळगावकर यांनी भात्याचा दाब, कणस्वर आणि बोटांची सरक यांतून मींडेचा भास उभा केला.

पाश्चात्त्य वाद्य आपलेसे करण्याचा चीनचा रस्ता वेगळा होता. शांघायमध्ये चेरेपनिन या रशियन संगीतकाराने ठेवलेल्या स्पर्धेत 1934 साली ह लूटिंग यांच्या पियानोरचनेला पहिले बक्षीस मिळाले. गुराख्याच्या बासरीची आठवण देणाऱ्या त्या रचनेत चिनी वळणाच्या दोन सुरावटी पाश्चात्त्य पद्धतीने एकमेकींशी बोलतात. तिथला मिलाफ लेखणीने कागदावर झाला. आपल्याकडचा झाला साथीत, गाणाऱ्याच्या मागे जाता जाता. म्हणून आपली साधने ग्रंथालयात थोडी आणि माणसांत जास्त आहेत : भजनी मंडळे, जुनी ध्वनिमुद्रणे, सूर लावून देणारे कारागीर.

या अभ्यासात येणाऱ्याला मोठ्या शिक्षणाची अट नाही, कान हवा. तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवून दोन्हींचा गंधार ऐकावा. पहिला धडा तिथेच मिळतो. दुसरा धडा गावातच आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, आपण जिथले असाल तिथल्या वयोवृद्ध पेटीवादकाकडे जावे. ते कोणाकडून शिकले, कोणत्या पट्टीत कोणती चाल धरतात, हे विचारून त्यांचे वादन ध्वनिमुद्रित करावे. ही विद्या त्यांच्या बोटांत आहे, आणि ती फारशी कुठे लिहून ठेवलेली नाही.