काय जेवलांत?

दोन ओळखीचीं माणसें रस्त्यांत भेटलीं म्हणजे आपल्याकडे 'जेवण झालें का?' हा प्रश्न हटकून निघतो, आणि होकार मिळाला कीं त्यामागून 'काय बेत होता?' हा दुसरा प्रश्न येतो. लग्नाहून परतलेल्या माणसास घरच्या वडील बायका वधूवरांची चौकशी करण्याच्या आधीं पानांत काय काय होतें तें विचारून घेतात. डाव्या बाजूस चटण्या-कोशिंबिरी किती होत्या, मसालेभात मोकळा होता कीं त्याचा गोळा झाला होता, मठ्ठा आंबट होता काय, जिलबीचा आग्रह कितीदां झाला, हें सर्व सांगणारा रंगून सांगतो आणि ऐकणारांस जेवल्याइतकेंच समाधान होतें. हल्लीं तर वाढलेल्या ताटाचें छायाचित्र घेऊन तें क्षणार्धांत परदेशस्थ आप्तांस दाखवितां येतें. ही हौस निरुपद्रवी आहे व आम्ही तिचे विरोधी नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या मागील दोन शतकांचा इतिहास ज्यानें थोडा तरी चाळला असेल, त्यास हा प्रश्न ऐकतांना किंचित् थबकल्यावांचून राहवणार नाहीं. कारण, आपण काल काय खाल्लें व कोठें खाल्लें हें चारचौघांस कळणें म्हणजे घरादारासह वाळींत पडणें, असे दिवस या प्रांतांत होते. आणि ते फार जुने नाहींत.

जुन्या समाजांत मनुष्यामनुष्यांतील अंतर दोन मापांनीं मोजलें जाई: एक रोटीव्यवहार आणि दुसरें बेटीव्यवहार. बेटीव्यवहाराचा प्रश्न एखाद्या घरांत दहापांच वर्षांतून एकदां उभा राही; रोटीव्यवहाराचा मात्र दिवसांतून दोनदां. म्हणून जातिनिर्बंधाचा खरा पहारा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर होता. पदार्थ कोणता यापेक्षां तो कोणीं शिजविला, कोणीं वाढला आणि पंक्तीस शेजारीं कोण बसलें होतें, याची तेथें अधिक चौकशी होई. नियमभंगाची ओरड झाली म्हणजे ग्रामण्य उभें राही. मग पंक्ति बंद, श्राद्धपक्षास भिक्षुक मिळावयाचा नाहीं, मुलीस स्थळ यावयाचें नाहीं आणि घरांत कोणी मृत झाल्यास खांदेकरी मिळण्याची पंचाईत. ही शिक्षा खाणाराच्या एकट्यापुरती राहत नसे. त्याच्या आईस, बहिणीस व मुलांस ती भोगावी लागे. मात्र हें यंत्र चालण्यास एक गोष्ट अवश्य लागे, ती म्हणजे बातमी. जें कळलें नाहीं त्याचें ग्रामण्य होत नसे. यामुळें जेवणाची बातमी हें कोणाच्याही हातीं लागणारें शस्त्र होऊन बसलें होतें.

मुंबईंत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेची कथा या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकीं, आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. सभेंत नव्यानें येणारास जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा करावी लागे, आणि ती मनापासूनची आहे याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. आज पाव ही आपल्या न्याहारीची साधी वस्तु झाली आहे. त्या काळीं तो एक घास माणसास जातीस मुकविण्यास पुरेसा होता. सभासद सुशिक्षित होते व त्यांचा विश्वास खरा होता, पण सभा गुप्त होती. पुढें ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी हे कांहीं काळ या मंडळींत होते व त्यांनीं 'अरुणोदय' या आत्मचरित्रांत तिची हकीकत दिली आहे. १८६० सालीं सभेचीं कागदपत्रें व सभासदांची यादी चोरीस गेली, नांवें बाहेर पडलीं आणि सभा विसकटली. तिच्यापैकीं कांहीं मंडळी १८६७ सालीं प्रार्थनासमाजांत एकत्र आली खरी. पण जात मोडण्याची अट त्या समाजानें आपल्या सभासदांवर घातली नाहीं. परमहंस मंडळीस भित्रीं म्हणून हिणविणें आज सोपें आहे. आम्हांस तसें करवत नाहीं. ज्याच्या घरीं लग्नाची बहीण आहे त्याची भीति केवळ स्वतःसाठीं नसते. परंतु एवढें खरें कीं, सुमारें अकरा वर्षें चाललेली चळवळ कोणी विरोधकानें वादांत जिंकून मोडली नाहीं; ती एका कागदानें मोडली.

याच काळांत पुण्यांत अगदीं निराळा प्रकार घडला. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य गणलेल्या लोकांस खुला केला. पाणी भरणारा माणूस भरदिवसा घागर घेऊन येतो व जातो. त्याचें येणें लपवितां येत नाहीं आणि फुल्यांस तें लपवावयाचेंही नव्हतें. जी बातमी फुटेल म्हणून मुंबईच्या मंडळींनीं दारें लावून घेतलीं, तीच त्यांनीं आपल्या अंगणांत सर्वांच्या दृष्टीस पाडली.

पुढें बावीस वर्षांनीं, १८९० च्या ऑक्टोबरांत, त्याच शहरांतील पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींस एका समारंभाचें आमंत्रण आलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशीं, पुढें एकमेकांपासून फार दूर गेलेलीं माणसें तेथें एकत्र होतीं. समारंभानंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं चहा घेतला. कोणीं यजमानाचा मान राखण्यापुरता पेला हातीं धरून खालीं ठेवला. मंडळी घरोघर गेली. हा प्रसंग येथेंच विसरला जावयाचा. परंतु गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं. हे गोपाळराव म्हणजे अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति. आनंदीबाईंनीं परक्या देशांतील थंडींत राहूनही आपला पोषाख व शाकाहार सोडला नव्हता, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या १८८७ सालीं वारल्या. त्यानंतर चारच वर्षांच्या आंत त्यांच्या पतीनें दुसऱ्यांच्या चहाची दवंडी पिटली.

मग जें ग्रामण्य माजलें तें दोन वर्षें पुरलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व त्यांनीं चौकशीसाठीं शास्त्री नेमले. हायकोर्टाच्या योग्यतेचे न्यायाधीश, नामांकित संपादक आणि कॉलेजांतील प्राध्यापक यांनीं चहाच्या एका पेल्याचा जबाब द्यावा, असा तो देखावा होता. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. तरीही त्यांच्या घरच्या कार्यांस भिक्षुक मिळण्याची अडचण पडलीच. रानडे यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. त्यांस स्वतःसाठीं त्याची गरज वाटत नव्हती. एका स्नेह्याच्या घरचा तिढा सुटावा म्हणून त्यांनीं तें पत्करलें. सुधारकांनीं त्यांस दुबळे म्हटलें, सनातन्यांनीं आपला जय मानला, आणि घरांत रमाबाईंस जें दुःख झालें तें त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सांगितलें आहे. या प्रकरणास आपण 'चहाचें प्रकरण' म्हणतों. आमच्या मतें तें यादीचें प्रकरण होय. चहा पिणारांपैकीं पुष्कळांस चहा पिण्यांत पाप वाटत नव्हतें. पण 'होय, आम्हीं घेतला आणि पुन्हां घेऊं' हें वाक्य सर्वांनीं मिळून उच्चारलें नाहीं. तें उच्चारलें असतें, तर वर्तमानपत्रांतील यादींत कोणास भिवविण्याचें सामर्थ्य उरलें नसतें.

यानंतर शहरें वाढलीं. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत राबणाऱ्या माणसास दुपारीं घरचें अन्न मिळेना, तेव्हां खाणावळी व उपाहारगृहें निघालीं. त्यांतील कित्येकांच्या पाटीवर जातीचें नांव असे. परंतु इराण्याच्या दुकानांत संगमरवरी मेजापाशीं शेजारीं कोण येऊन बसला हें कोणी विचारीत नसे. १९३३ सालीं रत्नागिरींत विनायक दामोदर सावरकर यांच्या प्रयत्नानें सर्व जातींच्या हिंदूंसाठीं एक उपाहारगृहही निघालें. तथापि शहरांतील रोटीबंदी ढिली झाली ती मुख्यतः गर्दीमुळें. गर्दींत कोणी कोणास ओळखीत नाहीं. संध्याकाळीं घरीं परतल्यावर 'बाहेर कांहीं खाल्लें नाहींस ना?' असें आईनें विचारलें म्हणजे 'नाहीं' हेंच उत्तर येई.

तें उत्तर खऱ्या अर्थानें बदललें तें कोंकणांतील महाड या गांवीं. सार्वजनिक पाणवठे व विहिरी अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलानें १९२३ सालीं मंजूर केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेंही तशी अनुमति दिली होती. पण कागदावरील अनुमतीनें कोणाची तहान भागत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले व सर्वांसमक्ष तें पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या मंडपांत कांहीं प्रतिनिधि जेवीत असतांना त्यांच्यावर हल्ला झाला व अन्न मातींत मिसळलें. पुढें तळ्याची 'शुद्धि'ही करण्यांत आली, आणि हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. एवढें सोसूनही, आपण प्यालों नाहीं असें त्यांपैकीं कोणासही सांगावयाचें नव्हतें. त्यांची यादी चोरण्याचें कोणास कारण नव्हतें, कारण ओंजळभर पाण्याची ती गोष्ट त्यांनीं स्वतःच जगास सांगितली होती. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी व तलाव यांचा स्पष्ट निर्देश आहे. इतक्या थोर ग्रंथांत खाण्यापिण्याच्या जागांची नांवें कां यावीं, असा प्रश्न कोणा विद्यार्थ्यानें केल्यास आम्ही त्यास महाडची हकीकत सांगतों.

कायद्यानें प्रश्न मिटला, पण घराघरांतून तो लागलाच गेला नाहीं. आम्ही दहाएक वर्षांचे असतांना शाळेतून परस्पर एका मित्राच्या घरीं गेलों व तेथें जेवलों. घरीं आल्यावर उत्साहानें आजीस बेत सांगूं लागलों. तिनें कौतुकानें ऐकून घेतलें आणि मग 'कोणाकडे?' म्हणून विचारलें. नांव ऐकल्यावर ती रागावली नाहीं, एक शब्दही बोलली नाहीं. मात्र त्या रात्रीं आमचें पान तिनें इतरांपासून हातभर अंतरावर मांडलें. आजी प्रेमळ होती. तिनें आम्हांस पुढें पुष्कळ चांगल्या गोष्टी शिकविल्या. पण त्या रात्रीं आम्ही जें शिकलों तें खोटें बोलणें होय. त्यानंतर त्या मित्राकडे आम्ही अनेकदां जेवलों आणि घरीं येऊन दर वेळीं 'कांहीं खाल्लें नाहीं' असें सांगितलें. परमहंस सभेची यादी चोरीस गेल्याची कथा कॉलेजांत शिकवितांना आम्हांस प्रत्येक वर्षीं तें हातभर अंतर आठवतें.

आजही भाड्यानें घर पाहावयास गेलेल्या तरुणास मालक 'तुमचें खाण्यापिण्याचें कसें?' असें सहज विचारतो. त्या प्रश्नांत किती प्रश्न दडलेले असतात, हें विचारणारा व उत्तर देणारा दोघेही जाणतात. आणि उत्तर देणारा क्षणभर विचार करून मगच बोलतो. त्याला तो क्षण लागत आहे तोंवर पंचहौदाचें प्रकरण संपलें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या घरांत मुलगा बाहेरून येऊन आपण कोणाकडे काय खाल्लें हें पहिल्या श्वासांत सांगूं शकतो, तेथें मात्र तें खचित संपलें आहे. आपलें घर तसें आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें मुलांच्या तोंडाकडे पाहून ठरवावें.

राहतां राहिला त्या दिवसाचा बेत. ज्वारीची भाकरी होती, हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि पितळीच्या वाटींत हरभऱ्याच्या डाळीची पातळ आमटी होती. मित्राच्या आईनें दुसरी भाकरी तव्यावरून थेट आमच्या ताटांत टाकली. आजीस हें सर्व सांगावयाचें राहून गेलें.