नाव कोणी ठेवले, कोणाला विचारून? : अमेरिकी विद्यापीठांच्या संघांची टोपणनावे

#धागा #इतिहास

१/
अमेरिकेत विद्यापीठांचे खेळसंघ विद्यापीठाच्या नावापेक्षा टोपणनावानेच अधिक ओळखले जातात : बॉयलरमेकर्स, सूनर्स, फायटिंग आयरिश, सेमिनोल्स. आज ही नावे टोप्यांवर नि सदऱ्यांवर अभिमानाने मिरवली जातात. पण यांतील कित्येकांचा जन्म कुचेष्टेतून झाला आणि एका नावाचा वाद तर थेट राज्यव्यापी सार्वमतापर्यंत गेला. त्या नावांचा हा इतिहास.

२/
प्रारंभी नावे नव्हती, रंग होते. १८५८ मध्ये बोस्टन येथील नौकास्पर्धेत हार्वर्डची नाव प्रेक्षकांना दुरून ओळखता यावी म्हणून दोघा वल्हेकऱ्यांनी सहकाऱ्यांना किरमिजी रुमाल वाटले. त्यांपैकी एक, चार्ल्स एलियट, पुढे हार्वर्डचा अध्यक्ष झाला आणि ‘क्रिमझन’ हेच संघाचे नाव ठरले. मराठीतील ‘किरमिजी’ आणि इंग्रजीतील ‘क्रिमझन’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत.

३/
६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना झाला. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू, गणवेश कोणाचाच नाही. रटगर्सच्या खेळाडूंनी ओळखीसाठी डोक्याला लाल फडकी गुंडाळली होती. आजही त्यांच्या ‘स्कार्लेट नाइट्स’ या नावात तो लाल रंग टिकून आहे.

४/
पुढे सामन्यांची वर्णने वृत्तपत्रांत येऊ लागली आणि नावे ठेवण्याचे काम वार्ताहरांच्या हाती गेले. १८९१ मध्ये इंडियाना राज्यातील पर्ड्यूने वॉबॅश महाविद्यालयाचा ४४-० असा धुव्वा उडवला. वॉबॅश हे अभिजात शिक्षण देणारे जुने महाविद्यालय. पर्ड्यूत मात्र शेतकी आणि यंत्रविद्या शिकवली जाई. पराभूत गावच्या वृत्तपत्राने संतापून विजेत्यांना ‘धिप्पाड बॉयलरमेकर’ म्हटले. सांगायचे होते ते एवढेच, की हे विद्यार्थी नव्हेत, कारखान्यातले कामगार आहेत.

५/
पर्ड्यूच्या विद्यार्थ्यांना ती शिवी आवडली. हाताने काम करणे हीच तर त्यांच्या शिक्षणाची ओळख होती. त्यांनी ते नाव स्वतःहून उचलले आणि आजतागायत सोडलेले नाही.

६/
नॉर्थ कॅरोलायनाचे ‘टार हील्स’ हे नावही असेच. या प्रांताच्या पाइनच्या जंगलांत जहाजांसाठी डांबर तयार होई. ‘टाचांना डांबर लागलेले’ हे तेथील कष्टकऱ्यांना उद्देशून काढलेले हिणकस उद्गार होते. यादवी युद्धात त्या प्रांताच्या सैनिकांनी तेच बिरुद म्हणून स्वीकारले. पुढे ते विद्यापीठाच्या संघाकडे आले.

७/
ओक्लाहोमाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी १२ वाजता तेथील सुमारे २० लाख एकर जमीन वसाहतकऱ्यांसाठी खुली झाली. जो आधी पोहोचेल आणि खुंट ठोकेल, त्याचा तुकडा. काही जण वेळेआधीच चोरून आत शिरून दबा धरून बसले होते. त्या लबाडांना ‘सूनर’, म्हणजे ‘आधी घुसलेले’, म्हणत.

८/
१९०८ मध्ये विद्यापीठाच्या संघाने हेच नाव घेतले. तोवर ‘सूनर’चा अर्थ लबाड असा न राहता धडाडीचा माणूस असा होऊ लागला होता. ज्या प्रदेशात ही शर्यत धावली, तो मात्र हुसकावून आणलेल्या मूळनिवासी जमातींसाठी राखलेला ‘इंडियन टेरिटरी’चा भाग होता. नावाचा अर्थ पालटला; जमिनीचे मालक पालटले ते पालटलेच.

९/
नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ १८४२ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने स्थापन केले. दुष्काळाने देशोधडीला लागून अमेरिकेत आलेले आयरिश कॅथलिक त्या काळी तुच्छ लेखले जात. त्यामुळे ‘आयरिश’ ही प्रतिस्पर्ध्यांची हेटाळणी होती. मे १९२४ मध्ये तर कॅथलिकद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनने विद्यापीठालगतच्या साउथ बेंड गावात मेळावा भरवला आणि विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यात झटापट झाली.

१०/
तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, अध्यक्ष मॅथ्यू वॉल्श यांनी ‘फायटिंग आयरिश’ हे नाव अधिकृत केले. गंमत अशी, की तेव्हाचा त्यांचा प्रख्यात प्रशिक्षक क्नूट रॉक्नी हा नॉर्वेत जन्मलेला होता.

११/
पर्ड्यू, नॉर्थ कॅरोलायना, नोटर डेम या तिन्ही कथांत एक समान धागा आहे. नाव बाहेरच्यांनी ठेवले, पण ते स्वीकारायचे की नाही हे ज्यांना ठेवले त्यांनी ठरवले. आता ज्यांना तो अधिकारच मिळाला नाही, त्यांच्याकडे वळू.

१२/
१८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे लष्करी अधिकारी रिचर्ड प्रॅट यांनी मूळनिवासी मुलांसाठी वसतिशाळा काढली. तेथे मुलांचे केस कापले जात, त्यांना मातृभाषा बोलायला बंदी असे. फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नावांपैकी एकावर काठी टेकवायची. तेच मुलाचे नवे नाव. लकोटा जमातीचा ‘ओता क्ते’ अशा रीतीने ‘ल्यूथर’ झाला. ही आठवण त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवली.

१३/
याच शाळेचा फुटबॉल संघ देशभर गाजला. १९१२ मध्ये जिम थॉर्प या अद्वितीय खेळाडूच्या बळावर त्यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७-६ असे हरवले. पराभूत संघात भावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर खेळत होते. विजेत्या संघाचे नाव होते ‘कार्लाइल इंडियन्स’. प्रत्येकाचे स्वतःचे नाव पुसायचे आणि सर्वांना मिळून एकच परके नाव द्यायचे, असा हा व्यवहार होता.

१४/
कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद पडली. पुढे स्टॅनफर्डने ‘इंडियन्स’ आणि नॉर्थ डकोटाने ‘सू’ हे नाव घेतले. दोन्ही १९३० मध्ये. मैदानात मूळनिवासी खेळाडू जवळजवळ नव्हते. होती ती पिसांचे मुकुट घातलेली सोंगे. डार्टमथचा संघही ‘इंडियन्स’ म्हणवला जाई. ते महाविद्यालय १७६९ मध्ये मूळनिवासी तरुणांच्या शिक्षणाच्या उद्देशाने स्थापन झाले होते; पहिल्या दोनशे वर्षांत तेथून विसांहूनही कमी मूळनिवासी पदवीधर झाले.

१५/
१९७२ मध्ये स्टॅनफर्डमधील ५५ मूळनिवासी विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनी अर्ज केला आणि नाव गेले. १९७५ मध्ये विद्यार्थ्यांनी नव्या नावासाठी ‘रॉबर बॅरन्स’ला, म्हणजे ‘लुटारू सरदारां’ना, कौल दिला! रोख उघडच रेल्वेसम्राट संस्थापक लीलँड स्टॅनफर्ड यांच्यावर होता. व्यवस्थापनाने ते मान्य केले नाही. मूळनिवाशांचे नाव चाळीस वर्षे चालले, संस्थापकाची थट्टा मात्र चालली नाही. आज संघाचे नाव ‘कार्डिनल’ आहे : पुन्हा एक लाल रंग.

१६/
२००५ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएएने अशा नावांवर निर्बंध आणले. फ्लोरिडा स्टेटच्या ‘सेमिनोल्स’ला मात्र सूट मिळाली, कारण फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने स्वतः संमती दिली होती. अमेरिकी सैन्याशी तीन युद्धे लढूनही शरणागतीचा तह न केल्याचा त्या जमातीला अभिमान आहे.

१७/
नॉर्थ डकोटात पेच पडला. ‘सू’ हे मुळात शेजाऱ्यांनी ठेवलेल्या नावाचे फ्रेंचांनी केलेले लघुरूप. ते लोक स्वतःला लकोटा, डकोटा म्हणवतात. स्पिरिट लेकच्या लोकांनी मतदानात नावाच्या बाजूने कौल दिला. स्टँडिंग रॉकच्या परिषदेने संमती नाकारली. अखेर २०१२ च्या राज्यव्यापी सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नाव सोडण्याच्या बाजूने मत दिले. २०१५ पासून तो संघ ‘फायटिंग हॉक्स’ आहे.

१८/
म्हणून एखाद्या टोपणनावाचा इतिहास तपासताना ते गौरवाचे की निंदेचे, एवढेच पाहून भागत नाही. ‘बॉयलरमेकर’ ही निंदा होती, तरी ती टिकली. ‘सू’ हा गौरव आहे असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तरी तो गेला. ज्यांचे नाव आहे, त्यांना ‘नको’ म्हणता येत होते का, हे आधी शोधावे.

(समाप्त)